बीएसएची घडीची सायकल: रंग खरवडण्याआधी काय पाहायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लेस्टरजवळ एका वृद्ध गृहस्थांचं गॅरेज रिकामं करताना तुम्हाला दुसऱ्या महायुद्धातली, छत्रीधारी सैनिकांसाठी बीएसए या ब्रिटिश कंपनीने बनवलेली घडीची सायकल मिळाली. अंगावर लाल रंग आहे, पुढचं चाक दुसऱ्याच कुठल्या तरी सायकलचं आहे, घडीच्या एका सांध्याला विंग नटऐवजी (बोटांनी फिरवायच्या, पंख असलेल्या नटाऐवजी) साधा नट लावलाय आणि पायडल आजच्या बाजारातले आहेत. तुम्हाला ती युद्धात होती तशी करायची आहे. मूळ भाग कुठे शोधायचे, आणि रंग काढायला सँडब्लास्टिंगवाल्याकडे (वाळूचा जोरदार फवारा मारून रंग उडवणाऱ्याकडे) द्यावी का, असं तुम्ही विचारलंय.

सँडब्लास्टिंगला देऊ नका. या आठवड्यात नाही आणि या वर्षीही नाही. भाग शोधायचं काम तिसऱ्या पायरीचं आहे, त्याआधीच्या दोन पायऱ्या झाल्या नाहीत तर तुम्ही चुकीचे भाग घ्याल आणि तेही महागात. हे मी बावीस वर्षं हेच काम करून सांगतोय. सुरुवात कोल्हापुरात मामांच्या भाड्याच्या सायकलींच्या दुकानात बेअरिंगचे छर्रे धुण्यापासून झाली, आणि गेली सोळा वर्षं इंग्लंडात मिडलंड्समध्ये.

पहिली पायरी म्हणजे ही सायकल नेमकी कोण आहे ते ठरवणं. युद्ध संपल्यावर बीएसएने मुलांसाठी ‘पॅराबाइक’ नावाची सायकल काढली होती. त्याच वळणाच्या दुहेरी नळ्या आणि लांबून हुबेहूब तोच आकार, पण ती घडी होत नाही. बाजारात अशी कित्येक पॅराबाइक ‘पॅराट्रूपर सायकल’ म्हणून विकली जाते, आणि विकणाऱ्याला स्वतःलाच फरक ठाऊक नसतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोत वर आणि खाली असे दोन्ही सांधे स्पष्ट दिसतात, म्हणजे तुमची लष्करीच आहे. आता फ्रेम नंबर. तो ‘आर’ या अक्षराने सुरू व्हायला हवा. लाल रंगाखाली तो बुजला असेल तर खरवडू नका. पातळ कागद त्या जागी घट्ट धरा आणि वरून मऊ पेन्सिल आडवी घासा. लहानपणी आपण नाण्यावर कागद ठेवून करायचो ना, तसंच. रंगाच्या तीन थरांखालचा आकडासुद्धा कागदावर उमटतो. सीटखालच्या लगच्या, म्हणजे नळ्या जोडणाऱ्या खोबणीच्या, पुढच्या अंगाला आणि बॉटम ब्रॅकेटजवळ, म्हणजे पायडलचा आस फिरतो त्या नळीजवळ, अशा दोन्ही ठिकाणी हे करून पाहा.

मग सीटखालची उभी नळी बघा. सुरुवातीच्या सायकलींत तिथे दोन समांतर नळ्या आहेत, नंतरच्यांत एकच. तुमच्या तिसऱ्या फोटोत एकच दिसतेय. हे आत्ताच कळणं महत्त्वाचं, कारण पहिल्या आणि नंतरच्या घडणीचे भाग एकमेकांत मिसळले की सायकल धड ना इकडची ना तिकडची राहते. जाणकार माणूस दहा पावलांवरून ते ओळखतो.

ती अशी का बनवली हे मनात असलं की पुढचं काम सोपं होतं. नेहमीच्या सायकलची फ्रेम त्रिकोणांवर उभी असते. ती मध्येच कापून बिजागरी लावली तर तिची ताकदच जाते. म्हणून इथे दोन लांब, बाकदार नळ्या एकीवर एक घेतल्या. मधल्या अंतरामुळे दोन सांधे एकमेकांपासून दूर गेले आणि स्वाराचं वजन दोघांत वाटलं गेलं. सगळी मिळून सुमारे 32 पौंड, म्हणजे साडेचौदा किलो. उडी मारताना हँडल आणि सीट आधी जमिनीला लागतील अशी ती बांधली जाई, कारण हँडल वाकलं तर सायकल चालवता येते, चाक वाकलं तर नाही. 1942 ते 1945 या काळात अशा 60 ते 70 हजार सायकली निघाल्या. त्यातल्या बहुतेकींनी विमानातून कधी उडी मारलीच नाही हेही लक्षात घ्या. 6 जून 1944 ला नॉर्मंडीच्या जुनो किनाऱ्यावर उतरलेल्या कॅनडाच्या 9 व्या पायदळ ब्रिगेडच्या जवानांच्या खांद्यांवर याच सायकली होत्या, आणि ते बोटीतून आले होते. त्यामुळे हँडलला थोडा बाक दिसला म्हणून ‘अर्न्हमला (नेदरलँड्समध्ये 1944 ला छत्रीधारी सैनिक उतरले तिथे) पडलेली सायकल’ अशी गोष्ट कुणाला सांगू नका. तो बाक गॅरेजच्या दारानेही आलेला असू शकतो.

दुसरी पायरी रंगाची. यात मला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि यातच सगळ्यात जास्त मिळतं.

मूळ रंग शोधायचा तो उघड्या नळीवर नाही. जिथे धातू धातूला चिकटून राहिला तिथे शोधायचा. ब्रेकच्या केबलची क्लिप, सीटचा क्लॅम्प, हँडलची दांडी फ्रेममध्ये शिरते ती जागा, आणि सगळ्यात चांगली जागा म्हणजे घडीच्या सांध्याचे आतले दोन चेहरे, म्हणजे एकमेकांना टेकणारे पृष्ठभाग. नंतर रंग देणाऱ्याने बहुधा सायकल उघडी ठेवूनच ब्रश फिरवलेला असतो, सांध्यात तो शिरत नाही. गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे आलेल्या अशाच एका सायकलवर केबलच्या क्लिपखाली मी अंगठ्याच्या नखाएवढी जागा निवडली. बाराशे नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून बोटाच्या टोकाने गोल फिरवत गेलो, मध्यभागी जास्त आणि कडेला कमी. दहा मिनिटांनी पाणी पुसलं तेव्हा कापलेल्या कांद्यासारखी वर्तुळं दिसली. बाहेरचं आकाशी, मग एक चंदेरी, मग चकचकीत काळपट हिरवं, मग एक पिवळसर प्राइमर, आणि मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढा मंद तपकिरी ठिपका. तो ठिपका म्हणजे कारखान्यातला रंग. त्या एका नखाएवढ्या जागेत त्या सायकलचं सगळं आयुष्य होतं: फौज, मग लिलाव, मग कुणाचा तरी कामावर जायचा रस्ता, मग एखाद्या पोराचा वाढदिवस.

हे थर वाचायला थोडी माहिती लागते. युद्धाच्या काळात ब्रिटिश लष्करी वाहनांचा ठरलेला रंग बदलत गेला. आधी खाकी हिरवा, मग 1942 च्या सुमाराला ‘एससीसी 2’ हा तपकिरी, आणि 1944 च्या वसंतापासून ‘एससीसी 15’ हा ऑलिव्ह. युद्धानंतर चकचकीत गडद ब्राँझ हिरवा आला. सायकली या तक्त्याप्रमाणे तंतोतंत जातातच असं नाही, म्हणून माझा भरवसा तक्त्यावर नसतो, नखाएवढ्या जागेवर असतो. पण 1943 ची सायकल कुणी अमेरिकी जीपसारख्या ऑलिव्ह रंगात रंगवलेली दिसली, तर त्याने खालचा थर पाहिलाच नाही हे नक्की समजा. लाल रंगाखाली तुम्हाला काय सापडतं ते दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी बघा. ट्यूबलाइटखाली तपकिरी आणि हिरवा एकच भासतात.

एक इशारा मनापासून देतो. त्या काळच्या रंगात शिसं असतं. कोरडा पेपर कधीही घासू नका, ग्राइंडरला वायर ब्रश लावून तर अजिबात नाही. ओला पेपर, हातमोजे, मास्क, खाली जुनी वर्तमानपत्रं, आणि ती गुंडाळून नीट टाकून द्यायची. घरात लहान मूल असेल तर हे काम स्वयंपाकघरातल्या टेबलावर करू नका.

सँडब्लास्टिंगला मी इतका विरोध का करतो तेही सांगायला हवं. इकडे आल्यावर दुसऱ्याच वर्षी मला एक लष्करी मार्क 5 रोडस्टर, म्हणजे साधी मोठी सायकल मिळाली होती, रॉड ब्रेकची (केबलऐवजी लोखंडी दांड्यांनी चालणाऱ्या ब्रेकची), 28 इंची चाकांची. मी ती फ्रेम एका कोटिंगवाल्याकडे दिली आणि नंबर असलेली जागा झाकून ठेवा असं सांगितलं. परत आली तेव्हा फ्रेम आरशासारखी गुळगुळीत होती. नंबर अर्धा उडाला होता, आणि सीटखालच्या लगवरचा बाणाचा ठसा, म्हणजे ब्रिटिश वॉर डिपार्टमेंटची मालमत्ता दाखवणारी ती तीन रेघांची खूण, बोटाने चाचपूनही सापडत नव्हती. पावडर कोटिंगच्या, म्हणजे भट्टीत वितळवून बसवलेल्या रंगाच्या भुकटीच्या, जाड थराने लगच्या धारदार कडाही बुजवून टाकल्या होत्या. ती फ्रेम आजही माझ्याकडे आहे. मी ती विकू शकत नाही, कारण ती काय आहे हे आता कुणालाच सिद्ध करता येणार नाही.

आता खोलणं. आधी नट फिरवायचे पाने बदला. मेट्रिक पाना या नटांना ‘जवळपास’ बसतो आणि त्या जवळपासनेच नटाचे कोपरे गोल होतात. ब्रिटिश मापाचे जुने पाने कुठल्याही रविवारच्या बाजारात पाच-दहा पौंडांत मूठभर मिळतात. सायकलच्या बारीक आट्यांचं मापही वेगळं आहे, इंचाला 26 आटे. हार्डवेअरच्या दुकानातला नट जबरदस्तीने चढवला की दोन्हीकडचे आटे जातात. तुमच्या सांध्यावरचा तो साधा नट असाच चढवलेला असेल, तर तो काढताना बोल्टचे आटे सोबत येतील. दोन दिवस भेदक तेल सोडत राहा, मग हेअर ड्रायरने गरम करा, आणि पाना आधी घट्ट करायच्या दिशेने किंचित फिरवून मगच उलटा फिरवा.

कॉटर पिन (क्रँक आसावर पक्का धरणारी पाचर; क्रँक म्हणजे पायडल जिला लागतं ती दांडी) काढताना लोक क्रँकवर वरून हातोडा घालतात आणि तो सगळा मार आतल्या छर्‍यांवर आणि कपवर जातो. क्रँकच्या खाली जमिनीपर्यंत पोचणारा लाकडी ठोकळा किंवा जाड पाइप उभा करा, पिनचा नट टोकाशी समपातळीत येईपर्यंत सैल करून तसाच ठेवा, आणि एकच ठाम घाव घाला. दहा हलके घाव पिन वाकवतात. कॉटर प्रेस, म्हणजे पिन दाबून काढायचं यंत्र, उसना मिळाला तर फारच उत्तम. नवीन पिन बसवताना दोन्हीकडच्या पिन एकमेकींच्या उलट दिशेने घालायच्या, नाहीतर दोन क्रँक एका रेषेत येत नाहीत आणि स्वार लंगडल्यासारखा पायडल मारतो. बॉटम ब्रॅकेटचा चेनकडचा कप उलट्या आट्यांचा असतो. त्यावर खड्डे पडले नसतील तर तो काढूच नका, आतूनच साफ करा. ही मापं, म्हणजे 1.370 इंच व्यास आणि इंचाला 24 आटे, बीएसएच्याच नावाने आज जगभर ओळखली जातात, त्यामुळे हा भाग मिळण्याची चिंता नाही. छर्रे काढताना प्रत्येक बाजूचे मोजून वेगळ्या डबीत ठेवा, डबीवर बाजू लिहा, आणि परत घालताना नवेच घाला. जुने छर्रे फक्त मापासाठी.

यानंतर सगळ्यात महत्त्वाची तपासणी, आणि ती रंगकामाच्या आधीच करायची असते. घडीच्या सांध्यांना तडा गेलाय का हे बघायचं. मामांच्या दुकानात चिमटा (चाक धरणारा फ्रेमचा भाग) तपासायला आम्ही राकेल आणि खडू वापरायचो, तेच इथेही वापरतो. राकेलला इकडे पॅराफिन म्हणतात. सांधा स्वच्छ करून त्यावर राकेलचा बोळा अर्धा तास दाबून ठेवा. मग कोरड्या फडक्याने अगदी कोरडं पुसा आणि पांढऱ्या खडूची भुकटी पातळ फासा. तडा असेल तर आत शिरलेलं राकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्यावर केसासारखी काळसर रेघ उमटते. अशी रेघ दिसली तर सायकल चालवायची नाही, आणि कोपऱ्यावरच्या वेल्डरकडेही न्यायची नाही. या फ्रेम पितळ वितळवून जोडलेल्या आहेत, यालाच ब्रेझिंग म्हणतात. आर्क वेल्डिंगने पातळ नळी जळते आणि जोड शेजारून तुटतो. फ्रेम बनवणारा, ब्रेझिंग येणारा कारागीरच हवा. सांधे ठीक असतील तर दोन्ही विंग नट आवळून फ्रेम उभी करा आणि हँडलच्या नळीपासून मागच्या चिमट्यापर्यंत दोन्ही बाजूंनी दोरा ताणून सीटच्या नळीपासूनचं अंतर मोजा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालतो. त्याहून जास्त असला तर आधी सांध्याच्या चेहऱ्यांवर साचलेला रंग बघा. बऱ्याचदा फ्रेम वाकलेली नसते, नुसता रंगाचा थर मध्ये अडकलेला असतो.

एवढं झालं की मूळ भागांकडे वळा. सगळे भाग मूळ असायलाच हवेत हा हट्ट सोडा. टायर, ट्यूब, ब्रेकचे गुटके, केबल, छर्रे, आरे, निपल, कॉटर पिन हे युद्धातही झिजून बदललेच जायचे. ते नवे घ्या आणि मनाला लावून घेऊ नका.

यात आपल्याकडची एक सोय तुमच्या उपयोगाची आहे. पुढे 32 आणि मागे 40 आरे ही जुनी ब्रिटिश रीत इंग्लंडने कधीच सोडली, पण भारतातल्या साध्या काळ्या सायकलींत ती अजून चालू आहे. त्यामुळे 32 आणि 40 भोकांच्या रिम, रॉड ब्रेकचे भाग, 28 × 1½ चे टायर यांसाठी इकडचे लोक भारतात बनलेला मालच शोधतात. माझ्या मार्क 5 च्या रिम मी कोल्हापूरहून बॅगेत आणल्या होत्या. तुमच्या सायकलला 26 × 1⅜ चे टायर लागतील. फक्त हा आकडा वाचून घेऊ नका, टायरच्या बाजूला 590 (रिमच्या व्यासाचं मिलिमीटरमधलं माप) लिहिलेलं हवं. 26 × 1½ वर 584 असतं आणि 26 × 1¼ वर 597, आणि हे तीन एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत. फोटोतलं तुमचं पुढचं चाक मला 597 चं वाटतं, मोजून बघा. चेन घेण्याआधीही एका दात्यापासून पुढच्या दात्यापर्यंतचं अंतर मोजा, अर्धा इंच की एक इंच. त्या काळात इंची चेनही सर्रास होती.

टायरवरून एक आठवलं. युद्धकाळातल्या ब्रिटिश टायरवर ‘वॉर ग्रेड’ असं छापलेलं असायचं, म्हणजे रबर हलक्या प्रतीचं. कारण डिसेंबर 1941 ते फेब्रुवारी 1942 या जेमतेम दहा आठवड्यांत जपानने मलाया आणि सिंगापूर घेतलं आणि ब्रिटनच्या हातून तिथलं रबर गेलं. त्या मोहिमेत जपानी पायदळ मोठ्या संख्येने सायकलींवरच पुढे सरकलं होतं. टायर फाटले तर ते नुसत्या रिमवर चालवत राहिले. उत्तर मलायात त्यांच्यासमोर आपली 11 वी भारतीय डिव्हिजन उभी होती. सायकलींनी रबर नेलं आणि त्याची टंचाई सायकलींच्याच टायरवर उमटली. असा एखादा ‘वॉर ग्रेड’ टायर कुठे मिळाला तर भिंतीवर लावा, चालवू नका. त्याचं रबर आता बिस्किटासारखं तुटतं.

जिवाचं रान करून मूळच शोधावेत असे भाग मोजकेच. पहिले विंग नट आणि त्यांचे बोल्ट. दुसरे क्रँक आणि दांड्याचे पायडल. या सायकलला नेहमीचे पायडल नव्हतेच. क्रँकच्या भोकातून आरपार सरकणारा दांडा होता. घडी करताना तो आतल्या अंगाला ढकलायचा, म्हणजे काही बाहेर टोचत नाही. तुमच्याकडे आजचे आट्यांचे पायडल बसलेत, याचा अर्थ एक तर क्रँक बदललेत किंवा मूळ क्रँकच्या भोकात कुणी आटे पाडलेत. पायडल काढा आणि भोकाच्या कडेवर नवा कापल्याचा चमकदार पट्टा दिसतो का बघा. मूळ क्रँक असतील तर भोकात नेमकी बुशिंग, म्हणजे धातूची पातळ नळी, बसवून ते वाचवता येतात. तसे दोन जोड मी वाचवले आहेत. तिसरा भाग हँडलचा स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा), चौथा सीटची दांडी. चामड्याची सीट मूळ मिळाली तर आनंदच, पण त्या काळातली, त्याच घडणीची दुसऱ्या सायकलची सीटही मी मान्य करतो. जुन्या चामड्याला तेलात बुडवू नका, ते लोंबकळतं. वरून मेणाचं पॉलिश थोडं-थोडं, आठवड्यातून एकदा, आणि ताणाचा बोल्ट एका वेळी पाव फेरीहून जास्त नाही.

शोधायचं कुठे? सप्टेंबरात हॅम्पशरमध्ये ब्यूलीला ऑटोजंबल भरतो. तो गाड्या आणि मोटरसायकलींचा मोठा बाजार, पण सायकलचे भाग तिथे खोक्यांच्या तळाशी असतात, आणि मोटरसायकलवाल्याला त्यांची किंमत माहीत नसते. पहाटे जा, गुडघे टेकून खोकी उपसा. खिशात विंग नटच्या आट्यांचा नमुना आणि व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, ठेवा. व्हेटरन-सायकल क्लब 1955 पासून आहे. त्याचं सभासदत्व घ्या. तिथले लोक फोटोवरून सायकल कुठल्या काळातली ते सांगतात आणि माणसाला माणूस जोडून देतात. मला आजवर मिळालेल्या चांगल्या भागांतले निम्म्याहून जास्त पैशांनी नाही, अदलाबदलीने मिळाले. म्हणून तुमचं ते 597 चं चाक टाकून देऊ नका. ते कुणाच्या तरी 1950 च्या दशकातल्या स्पोर्ट्स सायकलला हवं असेल. फ्रान्समध्ये नॉर्मंडीकडे सुट्टीला गेलात तर गावागावांतले जुने बाजार बघा. उतरलेल्या फौजेने कित्येक सायकली पहिल्या काही दिवसांतच रस्त्याकडेला सोडल्या, आणि शेतकऱ्यांनी त्या उचलल्या. ऑनलाइन शोधताना ‘पॅराट्रूपर’ शब्द टाकला तर जाणकारांच्या किमती दिसतील. ‘जुनी घडीची सायकल’, ‘आजोबांची सायकल’ असं शोधा.

नकली मालाबद्दल स्पष्ट बोलतो. विंग नट, पायडलचे दांडे आणि स्टिकर यांच्या नव्या प्रतिकृती मिळतात, आणि काही फार सुबक असतात. त्या वापरण्यात काहीही गैर नाही. गैर आहे ते त्या मूळ म्हणून विकणं. मी बसवलेल्या प्रत्येक प्रतिकृतीच्या आतल्या बाजूला कोरणीने साल कोरतो आणि मालकाला यादी लिहून देतो. तुम्हीही तसंच करा. बाणाच्या ठशाचे पंचही आज स्वस्तात मिळतात, त्यामुळे नुसता बाण दिसला म्हणून जास्त पैसे मोजू नका. भिंगातून बघा. जुन्या ठशाच्या तळाशी जुना रंग बसलेला असतो आणि त्याच्या कडा बोथट असतात. नव्या ठशाने रंग फोडून धातू उघडा केलेला असतो आणि कडेला बारीक उचललेली धार लागते. नखालाही ती जाणवते.

शेवटी रंगाचा निर्णय. लाल रंगाखाली मूळ रंग मोठ्या भागावर शाबूत असेल तर लाल थर हळूहळू उतरवायचा. मऊ लाकडाची पट्टी, सौम्य जेलचा रंगकाढा अगदी थोडा वेळ, लगेच ओल्या फडक्याने पुसणं, आणि एका वेळी तळहाताएवढीच जागा. एका फ्रेमला मला सहा आठवडे लागले होते, रोज संध्याकाळी तासभर. जिथे गंज आहे तिथे ऑक्झॅलिक आम्ल, लिटरभर कोमट पाण्यात 20 ते 30 ग्रॅम. ते विषारी आहे, म्हणून हातमोजे आणि उघडी खिडकी हवीच, आणि नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवायचं. सुटे नट-बोल्ट त्यात रात्रभर ठेवले तरी मूळ रंगाचे कण टिकतात. मूळ रंग निम्म्याहून कमी उरला असेल तर नवा द्यायला हरकत नाही, पण तो सांध्याच्या आतल्या चेहऱ्यावरच्या नमुन्याशी जुळवूनच, ब्रशने किंवा पातळ फवाऱ्याने, मंद पोताचा. आणि सांध्याचे आतले चेहरे रंगवायचे नाहीत. पुढे कुणाला पडताळून बघायचं असेल तर त्याला जागा हवी.

लाल थराचं काय करायचं हे घरच्यांशी बोलूनच ठरवा. ज्या गृहस्थांचं गॅरेज होतं त्यांच्या मुलांना एकदा विचारा, तो रंग कुणी आणि कधी दिला. गेल्या हिवाळ्यातल्या त्या सायकलच्या मालकिणीला मी आकाशी थराचा फोटो पाठवला, तेव्हा त्यांचा लगेच फोन आला. तो रंग त्यांच्या वडिलांनी दिला होता, त्या आठ वर्षांच्या असताना, स्वयंपाकघराच्या दाराचा उरलेला. त्या सायकलच्या मागच्या चिमट्यावर बोटभर आकाशी पट्टी मी तशीच ठेवली आहे.

या रविवारी कागद आणि पेन्सिल घेऊन फ्रेम नंबर उमटवा, पुढच्या टायरच्या बाजूचा आकडा लिहा, आणि क्रँकच्या भोकाचा जवळून फोटो काढा. हे तिन्ही पाठवलंत की कुठला भाग आधी शोधायचा ते सांगतो. तोवर तो सांध्यावरचा नट तसाच राहू द्या, फक्त रोज दोन थेंब तेल सोडा.